नातीचं इंग्रजी ऐकवत नाही, काय करू?

पत्राचा सारांश: मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेने हे पत्र लिहिलं आहे. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. नात पंधरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. नातीच्या वाक्यावाक्यात ‘लाइक’ येतं. जरा पाय दुखले की ‘लिटरली डाइंग’. ‘शी सेड’ ती म्हणतच नाही, ‘शी वॉज लाइक’ म्हणते. ‘हाऊ आर यू’ विचारलं की ‘आय अ‍ॅम गुड’, आभार मानले की ‘नो प्रॉब्लेम’. साधी माहिती सांगतानाही वाक्याच्या शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर चढवते. बाई दर वेळी दुरुस्त करत गेल्या. आता नात ‘हाय आजी’ म्हणून उठून जाते. आईपाशी ती म्हणाली, ‘आजी माझं बोलणं ऐकत नाही, नुसते शब्द ऐकते.’ बाई विचारतात, ‘भाषा कानांदेखत बिघडत असताना गप्प बसणं प्रामाणिकपणाचं आहे का? उद्या मुलाखतीत हिचं नुकसान झालं तर?’ पत्रात जाता जाता आणखी काही गोष्टी आल्या आहेत. नातीचे शाळेतले निबंध सुरेख असतात. ती मराठीत ‘मी आला’ म्हणते ते बाईंना गोड वाटतं. तिचा मोठा भाऊ ‘तसा कमीच बोलतो’. आणि पुण्यात आयटीत असलेला भाचा ‘मीटिंग प्रीपोन केली’, ‘रिव्हर्ट बॅक करा’ असलं इंग्रजी लिहितो, त्याचाही बाईंना राग येतो.

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. तुमची चिडचिड क्षुल्लक आहे असं मला अजिबात वाटत नाही. भाषेवर जीव असलेल्या माणसाला एखादा शब्द टोचतो तेव्हा तो खरंच टोचतो. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. नात ‘मी आला’ म्हणते आणि तुम्हाला ते गोड वाटतं. व्याकरणाने पाहिलं तर ही सरळ सरळ चूक आहे. ‘शी वॉज लाइक’ ही चूक आहे की नाही, यावर निदान वाद तरी होऊ शकतो. तरीही मराठीतली चूक तुम्ही हसून सोडता आणि इंग्रजीतलं वेगळेपण तुम्हाला सोडवत नाही. म्हणजे तुम्हाला चूक सहन होत नाही, हे काही खरं कारण नव्हे.

मला कारण दिसतं ते असं. मराठी तुम्हाला आयतं मिळालं, इंग्रजी तुम्ही कमावलंत. तुमच्या काळी मराठी शाळेत इंग्रजीची ओळख पाचवीत व्हायची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. घरात बोलणारं कुणी नाही. तर्खडकरांची भाषांतरमाला, रेन-मार्टिनचं व्याकरण, रेडिओवरच्या बातम्या, आणि एखादा ‘द’ राहिला तर वर्गात हशा. या वाटेने गेलेल्या तुमच्या पिढीतल्या मुलामुलींना एवढी एकच खात्री असे की नियम पाळला तर कुणी हसणार नाही. त्यामुळे तो नियम कुणी सहज ओलांडून गेलं की आत कुठेतरी दुखतं. ‘आम्ही एवढे कष्ट केले ते कशासाठी?’ असं वाटतं. या वाटण्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही.

नातीचं मात्र तसं नाही. ती इंग्रजीत भांडते, रडते, मैत्रिणींशी गुपितं बोलते. तुम्ही जसं मराठी बोलता, कोणताही नियम न आठवता, तसं ती इंग्रजी बोलते. तुम्ही अडवता तेव्हा तुमच्या मनात तिचं भलंच असतं. तिला मात्र एवढंच कळतं की ज्या एका भाषेत ती पूर्ण मोकळी आहे, तिच्यातही आजी तिला नापास करते आहे. मराठीत तर ती आधीच चाचपडते. मग आजीशी बोलायला तिच्यापाशी उरलं काय?

आता ‘भाषा बिघडते आहे’ या म्हणण्याकडे वळू. ही तक्रार फार जुनी आणि फार मोठ्या माणसांची आहे. जोनाथन स्विफ्टसारख्या थोर लेखकाने १७१० साली लंडनच्या एका नियतकालिकात तरुणांच्या तोडक्या शब्दांवर कडाडून टीका केली. त्यातला एक शब्द होता ‘मॉब’. मूळ लॅटिन शब्दजोडीचा शेंडा तेवढा ठेवून बाकीचं टाकून दिलं, म्हणून ते रागावले होते. दोन वर्षांनी त्यांनी इंग्रजी एकदाची सुधारून कायमची पक्की करावी असा प्रस्तावच छापला. १७८९च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहिलं, की ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ या नामांची लोक क्रियापदं करू लागले आहेत, तुम्ही याला विरोध करा. बाई, ‘आय नोटिस्ड’ हे तर तुम्ही स्वतः फळ्यावर लिहिलं असेल आणि मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. फ्रँकलिन यांच्या कानाला ते खुपत होतं. स्विफ्ट काय, फ्रँकलिन काय, भाषेची उत्तम जाण असलेली माणसं होती. आपला कान तरुणपणी तयार होतो आणि नंतर आलेलं प्रत्येक वळण आपण त्याच मापाने मोजतो, एवढाच याचा अर्थ.

शिवाय आपल्याला नवं वाटतं ते नवं असतंच असंही नाही. एखादी लकब आपल्या लक्षात अलीकडे आली की ती अलीकडेच सुरू झाली असं वाटतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी २००५मध्ये या समजुतीला ‘रिसेन्सी इल्युजन’ असं नाव दिलं. तुमचं ‘लिटरली’ घ्या. मार्क ट्वेन यांच्या १८७६च्या कादंबरीत टॉम सॉयर हा पोरगा मित्रांकडून कुंपण रंगवून घेतो आणि वर त्यांच्याकडूनच पतंग, गोट्या असल्या चीजवस्तू उकळतो. दुपारपर्यंत तो ‘लिटरली’ संपत्तीत लोळत होता, असं ट्वेन लिहितात. हा अतिशयोक्तीचा वापर मेरियम-वेब्स्टरच्या कोशात १९०९ सालीच नोंदवलेला आहे. आणि आपण ‘उकाड्याने अक्षरशः जीव गेला’ म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो? जोर द्यायला माणसं खरेपणाचे शब्दच हाताशी धरतात. ‘व्हेरी’ हा तुमचा लाडका शब्दही एके काळी ‘खरा’ या अर्थाचा होता. हे सगळं माहीत असूनही ‘लिटरली’चा अति वापर मला आवडत नाही, हेही सांगते. जोर देणारा शब्द सारखा वापरला की त्यातला जोर जातो. पण ही आवडनिवड झाली. तिच्यावरून पंधरा वर्षांच्या मुलीचं वाक्य मध्ये तोडावं इतकी ती मोठी नाही.

‘लाइक’वर मात्र थोडा वेळ देऊ, कारण तुमच्यासारख्या व्याकरणाची आवड असलेल्या बाईंना यात खरा रस वाटेल. हा शब्द एक दिसला तरी त्याची कामं निरनिराळी आहेत. ‘देअर वर लाइक ट्वेंटी पीपल’ यातलं ‘लाइक’ म्हणजे आपलं ‘वीसेक’मधलं ‘एक’. ‘इट वॉज, लाइक, सो अनफेअर’ यात ते पुढच्या शब्दाकडे लक्ष वेधतं, किंवा योग्य शब्द सापडेपर्यंत सवड देतं. आणि ‘शी वॉज लाइक, नो वे’ यात तर ते फारच हुशारीचं काम करतं. ती मैत्रीण ‘नो वे’ असं म्हणालीच असेल असं नाही. तिने नुसते डोळे मोठे केले असतील. ‘सेड’ने शब्द सांगितले जातात, ‘वॉज लाइक’ने आविर्भाव सांगितला जातो. मनात आलं पण तोंडातून निघालं नाही, तेही सांगता येतं: ‘आय वॉज लाइक, ओह नो.’ इथे ‘सेड’ घाला, अर्थच बदलेल. म्हणजे तुम्ही जी दुरुस्ती सुचवता, ती केली तर तिचं वाक्य खोटं ठरेल.

मराठीत आपण म्हणतोच ना, ‘मी पैसे मागितले, तर तो आपला बघू-बघू’? तो माणूस ‘बघू’ हा शब्द उच्चारला की नाही, कोण जाणे. त्याने टाळाटाळ केली हे मात्र पुरतं कळतं. त्या वाक्यात क्रियापदसुद्धा नाही, तरी त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही.

इंग्रजीतल्या या ‘लाइक’ची नोंद अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रोनाल्ड बटर्स यांनी १९८२मध्ये केली. तेव्हा जी मुलं असं बोलत होती ती आज साठीच्या आसपास आहेत. पुढे टोरोंटोत भाषाशास्त्रज्ञ साली तागलियामॉन्ते आणि अलेक्झांड्रा डार्सी यांनी तरुणांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तर बोललेलं-घडलेलं सांगण्याचा हाच त्यांचा मुख्य मार्ग असल्याचं दिसलं. अंदाजाचं ‘लाइक’ तर त्याहून कितीतरी जुनं आहे.

याच डार्सी यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. ‘लाइक’चे काही वापर मुलगे मुलींइतकेच, कधी जास्तही करतात. बोलणी मात्र मुलींना बसतात. तुमच्या पत्रात नातीच्या बोलण्याबद्दल तक्रारींची रांग आहे आणि नातवाबद्दल ‘तसा कमीच बोलतो’ एवढंच. तो जेव्हा बोलतो तेव्हा कसा बोलतो, हे एकदा कान देऊन ऐका. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी दाखवून दिलं की भाषेतले बरेचसे बदल आधी स्त्रियांच्या बोलण्यात दिसतात. त्यामुळे पहिली चपराकही त्यांनाच बसते. सूर चढवून वाक्य संपवण्याचंही तेच. त्याला ‘अपटॉक’ हे नाव १९९३मध्ये एका अमेरिकी पत्रकाराने दिलं, पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ही ढब त्याआधीपासून नोंदलेली आहे. पुष्कळदा त्या सुराने बोलणारा समोरच्याला विचारत असतो, ‘लक्षात येतंय ना? पुढे सांगू?’ तुमची नात तुम्हाला हे विचारत असेल, आणि तुम्ही तो सूरच दुरुस्त करत असाल, तर काय होत असेल याचा विचार करा. ‘नो प्रॉब्लेम’बद्दल फार लिहीत नाही. आपण आभाराला ‘अहो, त्यात काय एवढं!’ म्हणतो, तेच ती म्हणते.

मुलाखतीची काळजी रास्त आहे. औपचारिक ठिकाणी दर वाक्यात ‘लाइक’ आलं तर ऐकणाऱ्याचं लक्ष विचलित होतं, आणि काही माणसं त्यावरून मत बनवतात. ते न्याय्य नसेल, पण घडतं. तरी या काळजीचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. नातीचे निबंध सुरेख असतात म्हणता. त्यात ‘लाइक’ नसणार. म्हणजे कुठे कसं बोलायचं-लिहायचं याचं भान तिला आहे. आजीशी बोलताना ती घरच्या कपड्यांत असते, एवढंच. ते कपडे बदलायला लावू नका.

मग नेमकं काय करायचं?

पहिलं म्हणजे, येत्या रविवारी तिला स्पष्ट सांगा की मी तुझं बोलणं मध्ये तोडत होते, आता तोडणार नाही. कारणं, इतिहास, सबबी काही नको. आणि मग खरोखर तोडू नका. पहिले काही आठवडे तिला विश्वास बसणार नाही. ती थोडकंच बोलेल, तेवढं ऐका. शब्द खटकला की ती सांगत असलेल्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारा: मग ती मैत्रीण काय म्हणाली? तुला राग आला का? प्रश्न विचारायचा म्हटलं की गोष्टीकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि खटकलेला शब्द मागे पडतो. नवरा-बायको, सासू-सून, ऑफिसातले शेजारी, ज्यांना ज्यांना दुसऱ्याचं ‘अ‍ॅक्चुअली’ किंवा ‘बेसिकली’ सहन होत नाही, त्यांनाही मी हेच सांगेन.

दुसरं, तुमची शिक्षिकेची दृष्टी वाया घालवू नका, फक्त तिची दिशा बदला. एक वही करा. नातीचं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहा, तारीख घाला, आणि तिलाच विचारा, ‘आय सेड’ आणि ‘आय वॉज लाइक’ यांत तुला फरक काय वाटतो? तुमच्या शाळेत शिक्षक असं बोलतात का? तुझ्यापेक्षा लहान मुलं काय म्हणतात? या भाषेची जाणकार ती आहे. पण विचारताना परीक्षेचा सूर नको. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारा, कारण मुलांना ते लगेच कळतं.

तिसरं, मुलाखतीच्या तयारीला तुमची मदत होऊ शकते, पण तिने मागितली तर. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या सभांत वक्त्याचे ‘अं’, ‘यू नो’, ‘लाइक’ मोजायचं काम एका सदस्याकडे असतं आणि शेवटी तो आकडा सर्वांसमोर सांगतो. ते कुणाला लागत नाही, कारण तिथे माणूस स्वतःहून गेलेला असतो. तेव्हा आईमार्फत एवढंच कळवून ठेवा की कॉलेजच्या मुलाखतीआधी सराव हवा असेल तर आजी आहे. ती आलीच तर दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि तिचं तिलाच ऐकू द्या. आकडा तुम्ही सांगायचा नाही. शब्द अडला तर ‘लाइक’ऐवजी क्षणभर थांब, एवढी एकच सूचना पुरे. सगळे ‘अं’ आणि ‘अम्’ उपटून काढायच्या मागेही लागू नका. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२च्या शोधनिबंधात मांडलं की इंग्रजी बोलणारे छोट्या थांब्याआधी एक हुंकार वापरतात आणि लांब थांब्याआधी दुसरा. ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

चौथं, तुमचं इंग्रजी बदलू नका. नातीला बरं वाटावं म्हणून ‘लाइक’ म्हणायला जाऊ नका, ते तिला ओशाळवाणं होईल. तुम्ही तुमच्या घडीव, स्वच्छ वाक्यांत बोला. ‘आय अ‍ॅम वेल, थँक यू’ म्हणा. तिच्या कानावर हेही इंग्रजी पडू दे. त्यातलं काय उचलायचं ते ती ठरवेल. कॉलचा थोडा वेळ मराठीत ठेवा आणि तिथे आजवर दाखवलेला समजूतदारपणा तसाच ठेवा. तिने विचारलं तर ‘मी आले’ असं सांगा, नाही विचारलं तर राहू द्या.

‘मग मी कशावरच बोलायचं नाही का?’ असं तुम्ही विचाराल. जरूर बोला, पण निवडून. मी स्वतः एकच कसोटी लावते: बोलणाऱ्याच्या मनात एक आहे आणि ऐकणाऱ्याला दुसरंच कळतं आहे, असं होतंय का? किंवा शब्द मुद्दाम काही झाकायला वापरला जातोय का? माणसांना नोकरीवरून काढायचं आणि त्याला ‘राइटसायझिंग’ म्हणायचं, याची मला खरी चीड येते. त्यामागे कुणाचा तरी पगार गेलेला असतो. भाषेबद्दलचा तुमचा राग अशा ठिकाणी वापरा. तिथे तो हवाच आहे.

याच कसोटीवर भाच्याकडे येऊ. ‘प्रीपोन’ राहू दे. भारतात तो सगळ्यांना कळतो, ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, आणि ‘पोस्टपोन’च्या उलट एक नेमका शब्द मिळाला हे चांगलंच आहे. परदेशी ग्राहकाला लिहिताना मात्र ‘मूव्ह्ड अप’ म्हण, एवढं सुचवा. ‘रिव्हर्ट’चं प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’. अमेरिकेत, त्यातही सॉफ्टवेअरच्या कामात, ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल मागे घेऊन पहिली स्थिती आणणं. तिथल्या सहकाऱ्याने हे वाक्य शब्दशः घेतलं तर केलेलं काम पुसलं जाऊ शकतं. ‘आय हॅव अ डाउट’चंही तसंच. आपण शंका विचारतो, त्यांना वाटतं आपला त्यांच्यावर विश्वास नाही. कॉलेजमधून ‘पास आउट’ झालो म्हटलं तर बेशुद्ध पडल्यासारखं ऐकू येतं. हे त्याला नक्की सांगा. एकदाच, शांतपणे, चार माणसांत नाही आणि जेवणाच्या ताटावर नाही. आणि तो फक्त पुण्यातल्या सहकाऱ्यांना लिहीत असेल, तर ‘बॅक’ तेवढं जास्तीचं आहे म्हणा आणि सोडून द्या.